लिनक्समधील पॅकेजांचे परावलंबन : गुंता आणि उकल

लिनक्सवर एखादे नवे सॉफ्टवेअर बसवायला घ्यावे आणि अर्ध्या वाटेवर संगणकाने 'अनमेट डिपेन्डन्सीज' असा शेरा मारून हात वर करावेत, हा अनुभव या प्रणालीच्या वाटेला गेलेल्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. हवे असते एक सॉफ्टवेअर. संगणक मात्र भलत्याच चार नावांची यादी समोर ठेवतो. ती नावे अनोळखी असतात, आणि घाईत दिलेला एखादा होकार चालू असलेली प्रणालीही बंद पाडू शकतो. वास्तविक या गुंत्यामागे निश्चित तर्क आहे. तो समजून घेतला तर बहुतेक वेळा प्रणाली नव्याने न बसवताही अडचण सुटते.

परावलंबन म्हणजे काय?

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर 'पॅकेज' या स्वरूपात मिळते. पॅकेजमध्ये मूळ प्रोग्रामबरोबरच तो कोठे ठेवायचा, त्याची आवृत्ती कोणती आणि त्याला आणखी कशाची गरज आहे, याची नोंद असते. ही गरज म्हणजेच 'डिपेन्डन्सी' अथवा परावलंबन. अनेक प्रोग्रामना लागणारी सामाईक कामे, उदाहरणार्थ अक्षरे पडद्यावर उमटविणे, आवाज ऐकविणे किंवा माहिती सांकेतिक करून पाठविणे, प्रत्येकाने स्वतंत्रपणे करण्याऐवजी ती 'लायब्ररी' नावाच्या सामाईक पॅकेजांवर सोपविली जातात.

मराठी टंकलेखनाचेच उदाहरण पाहावे. 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज बसविले की इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी पद्धतीने मराठी टंकता येते. परंतु कळफलकांचे आराखडे त्या पॅकेजात नसतात. ते 'एम१७एन-डीबी' या वेगळ्या पॅकेजात असतात आणि त्यांचा अर्थ लावणारी लायब्ररी तिसऱ्याच पॅकेजात असते. या साखळीतील एक कडी निखळली तरी मराठी अक्षर उमटणार नाही.

मग प्रत्येक प्रोग्रामने आपला शिधा स्वतःच का बाळगू नये? याचे उत्तर २०१४ साली 'हार्टब्लीड' प्रकरणात मिळाले. इंटरनेटवरील गुप्त संवादासाठी वापरल्या जाणाऱ्या 'ओपनएसएसएल' या लायब्ररीत गंभीर दोष आढळला. लिनक्स संगणकांवर ही एक सामाईक लायब्ररी अद्ययावत करून संबंधित सेवा पुन्हा सुरू करताच तिच्यावर विसंबलेले सर्व प्रोग्राम एकाच वेळी सुरक्षित झाले. ज्या प्रोग्रामांनी लायब्ररीची स्वतंत्र प्रत पोटात बाळगली होती, त्यांची दुरुस्ती मात्र एकेक करून करावी लागली.

थोडा पूर्वेतिहास

इयन मरडॉक यांनी १९९३ साली 'डेबियन' प्रकल्प सुरू केला आणि पुढच्याच वर्षी 'डीपीकेजी' हे पॅकेज बसविणारे साधन आकाराला आले. 'रेड हॅट'ने १९९५ साली 'आरपीएम' ही आपली पद्धत आणली. ही दोन्ही साधने परावलंबन तपासत, उणीव सांगत. पण ती भरून काढत नसत. एक पॅकेज बसवायला जावे तर ते दुसरे मागे, दुसरे तिसरे मागे, आणि तिसरे पहिल्याशीच भांडे. या छळाला त्या काळी 'डिपेन्डन्सी हेल', म्हणजे परावलंबनाचा नरक, असे नाव पडले.

त्यावरचा उतारा म्हणजे 'भांडार' आणि 'सोडवणूक करणारा' प्रोग्राम. डेबियनच्या १९९९ मधील २.१ या आवृत्तीत 'एपीटी' हे साधन आले. लागणाऱ्या सर्व पॅकेजांची यादी स्वतः तयार करून ती भांडारातून उतरवून घेण्याचे काम ते करू लागले. आरपीएमच्या घराण्यात हीच कामगिरी 'यम' या साधनाने बजावली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सेठ विडाल यांनी त्याचा विकास केला. पुढे २०१५ साली फेडोरा २२ मध्ये त्याची जागा 'डीएनएफ'ने घेतली. २००४ साली अवतरलेली 'उबुंटू' आणि तिच्यावर बेतलेली 'मिंट' या डेबियनच्या वंशातल्याच प्रणाली होत. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक'ची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. त्यामुळे पुढे दिलेले उपाय या सर्वांना सारखेच लागू पडतात. ज्या बाबी फक्त उबुंटूच्या आहेत, तेथे तसा उल्लेख केला आहे.

उणीव का निर्माण होते?

भांडारात सारे काही असताना परावलंबन अडते कोठे? नेहमीची कारणे मोजकीच आहेत.

पहिले कारण म्हणजे शिळी यादी. भांडारात काय आहे याची सूची संगणकावर साठविलेली असते. ती बरेच दिवस ताजी केली नसेल, तर संगणक भांडारातून केव्हाच हटविलेली आवृत्ती मागत राहतो.

दुसरे, भांडाराचा एखादा विभाग बंद असणे. उबुंटूच्या भांडाराचे 'मेन', 'रिस्ट्रिक्टेड', 'युनिव्हर्स' आणि 'मल्टिव्हर्स' असे चार विभाग आहेत. 'युनिव्हर्स' बंद असेल तर हजारो पॅकेजे अस्तित्वातच नाहीत, असे संगणकाला वाटते.

तिसरे आणि सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे परक्या आवृत्तीसाठी तयार केलेले पॅकेज. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी मालिका आली आणि 'लिबएसएसएल१.१' हे जुने पॅकेज भांडारातून गेले. जुन्या उबुंटूसाठी बांधलेले सॉफ्टवेअर मात्र तेच मागत राहिले. त्या मालिकेचा सार्वजनिक आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला आहे. त्यामुळे ते पॅकेज कोठून तरी पैदा करून बसविणे म्हणजे दुरुस्ती न होणारी लायब्ररी घरात घेणे होय.

चौथे, त्रयस्थ भांडारे. उबुंटूतील 'पीपीए'सारख्या वैयक्तिक भांडारांतून एखादी लायब्ररी अधिक नव्या आवृत्तीची येऊन बसते आणि मूळ भांडारातील पॅकेजांशी तिचे जमत नाही.

पाचवे, अर्धवट राहिलेले काम. पॅकेज बसत असताना वीज गेली, चकतीवरील जागा संपली किंवा खिडकी मध्येच बंद केली, की काही पॅकेजे उलगडलेली पण सज्ज न केलेली अशा त्रिशंकू अवस्थेत राहतात.

याखेरीज कधी काळी मुद्दाम 'होल्ड' करून ठेवलेली पॅकेजे, ६४ बिटच्या संगणकावर ३२ बिटच्या लायब्ररीची मागणी आणि मुदत संपलेली प्रणाली ही कारणेही संभवतात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे, तर मधल्या आवृत्त्यांना नऊ महिने नियमित आधार मिळतो. त्यानंतर मधल्या आवृत्त्यांची पॅकेजे नेहमीच्या सर्व्हरवरून 'ओल्ड-रिलीझेस' या जुन्या संग्रहाकडे हलविली जातात आणि संगणकाची मागणी निष्फळ ठरू लागते.

आधी संदेश वाचावा

कारण न ओळखता उपाय करणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे. एपीटीचा संदेश रूक्ष असला तरी मोघम नसतो. त्यातील तीन वाक्यप्रयोग ओळखता आले तरी निम्मे निदान होते.

'नॉट इन्स्टॉलेबल' असे म्हटले असेल, तर मागितलेल्या नावाचे पॅकेज संगणकाला ठाऊक असलेल्या कोणत्याही भांडारात मिळत नाही. अशा वेळी बंद विभाग, शिळी यादी किंवा परक्या आवृत्तीचे पॅकेज यांचा संशय घ्यावा.

'नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड' असे असेल, तर पॅकेज उपलब्ध आहे. पण ते बसविले तर दुसऱ्या कशाशी तरी संघर्ष होतो. त्या पॅकेजाचे नाव घेऊन ते स्वतंत्रपणे बसविण्याचा प्रयत्न केला की पुढची कडी उघड होते. असे करत खऱ्या अडथळ्यापर्यंत पोहोचता येते.

तिसऱ्या प्रकारात अमुक आवृत्ती हवी, पण तमुक आवृत्ती बसविली जाणार आहे, असे सांगितले जाते. यात पॅकेज आहे, आवृत्ती जुळत नाही. त्रयस्थ भांडाराची ही जवळजवळ सहीच असते.

उपायांचा क्रम

पुढील आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात. प्रारंभ करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी, चकतीवर पुरेशी जागा आहे ना हे पाहावे आणि संगणकाची तारीख तपासावी. तारीख मागे पडलेली असेल, तर भांडाराची सूची 'अद्याप वैध नाही' म्हणून नाकारली जाते.

पहिली पायरी यादी ताजी करण्याची : 'सुडो ॲप्ट अपडेट'. या आज्ञेनंतर येणाऱ्या ओळी डोळ्यांखालून घालाव्यात. एखादे भांडार सापडले नाही किंवा त्याची सही पटली नाही, तर तसे तेथेच नमूद केलेले असते. असे भांडार आधी बंद किंवा दुरुस्त करावे.

दुसरी पायरी अर्धवट काम पूर्ण करण्याची : 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. त्रिशंकू अवस्थेतील पॅकेजे या आज्ञेने सज्ज होतात. 'लॉक' असल्याचा संदेश आला, तर दुसरा एखादा पॅकेज बसविणारा प्रोग्राम, बहुधा पार्श्वभूमीवर चाललेले स्वयंचलित अद्ययावतीकरण, काम करत आहे असे समजावे. तो संपेपर्यंत थांबावे. लॉकची फाइल खोडून टाकू नये.

तिसरी पायरी तुटलेली साखळी जोडण्याची : 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. उणे असलेली पॅकेजे भांडारात असतील, तर ही आज्ञा ती उतरवून घेते. नसतील, तर अडलेले पॅकेजच काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडते. तो स्वीकारण्यात सहसा गैर काही नसते. मात्र यादीत आणखी कोणाकोणाची नावे आहेत, हे वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

एवढ्याने भागले नाही, तर चौकशी करावी लागते. 'ॲप्ट पॉलिसी' आणि पुढे पॅकेजाचे नाव अशी आज्ञा दिली की बसविलेली आवृत्ती, बसवता येण्याजोगी आवृत्ती आणि ती कोणत्या भांडारातून येते, हे तिन्ही तपशील मिळतात. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' ही आज्ञा रोखून ठेवलेल्या पॅकेजांची यादी देते. उबुंटूत 'युनिव्हर्स' विभाग बंद असल्यास तो 'सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी युनिव्हर्स' या आज्ञेने सुरू होतो. ३२ बिटच्या लायब्ररी लागत असल्यास 'सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६' ही आज्ञा देऊन यादी पुन्हा ताजी करावी.

दोष एखाद्या पीपीएचा असेल, तर ते केवळ यादीतून काढून उपयोग होत नाही. त्यातून आलेली नवी आवृत्ती संगणकावर तशीच राहते. 'पीपीए-पर्ज' हे साधन भांडार बंद करून पॅकेजे मूळ आवृत्तीवर परत आणते.

संकेतस्थळावरून उतरविलेली '.डेब' फाइल बसविताना 'डीपीकेजी -आय' ही जुनी आज्ञा वापरण्याचा प्रघात आहे. ती परावलंबन भरून काढत नाही आणि तुटलेली अवस्था मागे ठेवते. त्याऐवजी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' लिहून फाइलच्या नावाआधी टिंब व तिरपी रेघ द्यावी. मग एपीटी ती फाइल बसविताना तिच्या गरजाही भांडारातून भागविते. आज्ञांची सवय नसणाऱ्यांसाठी 'सिनॅप्टिक' हे खिडकीतून चालणारे साधन आहे. त्याच्या 'एडिट' यादीत तुटलेली पॅकेजे दुरुस्त करण्याची सोय आहे.

एपीटी थकल्यावर 'ॲप्टिट्यूड' हे भावंड उपयोगी पडते. ते एकच तोडगा सांगून थांबत नाही. पहिला नाकारला की दुसरा, दुसरा नाकारला की तिसरा पर्याय पुढे करते.

नावे बदलतात तेव्हा

कधी कधी पॅकेज असते, पण त्याचे नाव बदललेले असते. याचे ठळक उदाहरण २०२४ सालचे आहे. अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवितात. हा आकडा ३२ बिटमध्ये साठविला तर १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर तो त्या चौकटीत मावेनासा होतो. हे टाळण्यासाठी डेबियन व उबुंटू यांनी वेळेचा आकडा ६४ बिटचा करण्याचे काम हाती घेतले आणि संबंधित लायब्ररींच्या नावांपुढे 'टी६४' हे शेपूट लावले.

परिणामी उबुंटू २४.०४ वर आवाजासाठी लागणारे 'लिबअसाउंड२' हे पॅकेज जुन्या नावाने मागितले, तर ते 'व्हर्च्युअल', म्हणजे केवळ नावापुरते असून बसविण्याजोगा उमेदवार नाही, असे उत्तर मिळते. त्याच संदेशात हे नाव पुरविणाऱ्या पॅकेजांची यादी असते. 'लिबअसाउंड२टी६४' असे लिहिले की काम होते. जुन्या लेखांतील आज्ञा जशाच्या तशा उतरवून घेणाऱ्यांची गाडी नेमकी येथे अडते.

होकाराची किंमत

परावलंबनाची उकल करताना सर्वांत मोठा धोका असतो तो नको ती पॅकेजे काढली जाण्याचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातील 'लायनस टेक टिप्स' या प्रसिद्ध व्हिडिओवाहिनीचे लायनस सेबॅस्टियन 'पॉप ओएस' या उबुंटूवर आधारित प्रणालीवर 'स्टीम' हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवत होते. त्या दिवसांत पॅकेजांच्या आवृत्त्या आपसांत जुळत नव्हत्या. ती विसंगती सोडविण्यासाठी एपीटीने संपूर्ण डेस्कटॉपच काढून टाकण्याचा प्रस्ताव ठेवला. अत्यावश्यक पॅकेजे काढली जाणार असल्याचा इशारा दिला आणि खात्री म्हणून एक पूर्ण वाक्य टंकायला सांगितले. ते वाक्य टंकले गेले. काही क्षणांत खिडक्या, चित्रे, मेनू सारे नाहीसे होऊन समोर केवळ काळा पडदा उरला.

हा प्रसंग लाखो प्रेक्षकांनी पाहिला आणि त्यावर बरीच चर्चा झडली. दोष पॅकेज बांधणाऱ्यांचा होता, तसाच इशाऱ्याच्या मांडणीचाही. त्यानंतर एपीटीत बदल करण्यात आला. आता केवळ वाक्य टंकून अत्यावश्यक पॅकेजे काढता येत नाहीत. त्यासाठी आज्ञेतच तसा वेगळा पर्याय लिहावा लागतो. तरीही जी पॅकेजे 'अत्यावश्यक' म्हणून नोंदलेली नाहीत, ती काढण्यास एक 'वाय' पुरेसा असतो. त्यामुळे 'रिमूव्ह्ड' या शब्दाखालील यादी वाचणे अनिवार्य समजावे. आज्ञेत '-एस' हा पर्याय घातल्यास प्रत्यक्ष बदल न करता केवळ तालीम होते आणि काय घडणार आहे ते आधीच कळते.

आणखी काही वाटा आगीतून फुफाट्यात नेणाऱ्या आहेत. डीपीकेजीला '--फोर्स' लावून परावलंबन दुर्लक्षित करायला भाग पाडले, तर पॅकेज बसते. पण प्रोग्राम चालत नाही आणि पुढचे प्रत्येक अद्ययावतीकरण अडते. दुसऱ्या संगणकावरून लायब्ररीची फाइल आणून प्रणालीच्या फोल्डरात टाकली, तर तिची नोंद कोठेच राहत नाही. डेबियन आणि उबुंटूची किंवा नव्या-जुन्या आवृत्तींची भांडारे एकत्र केली, तर 'लिबसी६' ही मूळ लायब्ररीच बदलली जाण्याचा संभव असतो. जवळजवळ सर्व प्रोग्राम तिच्यावर उभे असल्याने परतीची वाट बिकट होते. अशा मिश्र प्रणालीला डेबियनच्या वर्तुळात 'फ्रँकेनडेबियन' म्हणतात, ते उगाच नव्हे.

इतर घराण्यांतील रीत

फेडोरात 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' ही आज्ञा एखादी फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते सांगते, तर 'डीएनएफ हिस्टरी अनडू' ही आज्ञा आधीचा व्यवहार उलटविण्याचा प्रयत्न करते. ओपनसुसेचे 'झिपर' अडचणीच्या वेळी क्रमांक घातलेले तोडगे समोर ठेवते. आर्च लिनक्समध्ये एकच पॅकेज नवे आणि बाकीची जुनी ठेवणे यालाच चूक मानले जाते. तेथे 'पॅकमॅन -एसवाययू' (यातील 'एस' मात्र मोठे अक्षर) या आज्ञेने संपूर्ण प्रणाली एकदम अद्ययावत करावी, असा दंडक आहे.

परस्परविरोधी अटींतून सर्वांना चालेल असा संच शोधणे हे गणिताच्या दृष्टीनेही सोपे काम नाही. संगणकशास्त्र ज्यांना 'एनपी-कम्प्लीट' म्हणते, अशा कठीण प्रश्नांत याची गणना होते. म्हणूनच साधने कधी कधी विचित्र वाटणारा तोडगा सुचवितात. तो तर्काला धरून असतो, वापरणाऱ्याच्या इच्छेला धरून असेलच असे नाही.

नवे पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

हा गुंताच टाळावा म्हणून 'स्नॅप', 'फ्लॅटपॅक' आणि 'ॲपइमेज' हे प्रकार पुढे आले. त्यांत सॉफ्टवेअर आपल्या बहुतेक गरजा सोबत घेऊन किंवा स्वतंत्र सामाईक संचातून भागवून येते. डेस्कटॉपवरील एखादे सॉफ्टवेअर भांडारातील परावलंबनामुळे बसतच नसेल, तर त्याची फ्लॅटपॅक आवृत्ती शोधणे हा शहाणपणाचा मार्ग होय. मात्र यात चकतीवरील जागा अधिक लागते, आणि सोबत आणलेल्या लायब्ररीतील दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी पॅकेज बांधणाऱ्यावर येते. परावलंबनातून पूर्ण सुटका तेथेही नाही. उबुंटू २२.०४ वर अनेक ॲपइमेज फायली 'लिबफ्यूज२' ही जुनी लायब्ररी बसविलेली नाही, एवढ्याच कारणाने उघडत नसत.

मदत मागताना

सारे उपाय करूनही अडचण उरली, तर जाणकाराकडे जाण्यापूर्वी चार गोष्टी जवळ ठेवाव्यात : प्रणालीचे नाव व आवृत्ती, दिलेली आज्ञा जशीच्या तशी, आलेला संपूर्ण संदेश आणि वापरात असलेल्या भांडारांची यादी. एपीटीने आजवर काय बसविले व काय काढले, याची तारीखवार नोंद 'व्हार' फोल्डरातील 'लॉग' व त्यातील 'ॲप्ट' येथे 'हिस्टरी.लॉग' या फाइलीत असते. कालपर्यंत सुरळीत चाललेला संगणक आज का अडला, याचे उत्तर बहुतेकदा त्या फाइलीच्या शेवटच्या काही ओळींतच सापडते.